बोरखेड्याचा अजिंक्य हेवीवेट

बोरखेड्यात हेवीवेट बॉक्सर एकच होता आणि तो आयुष्यात कधी हरला नव्हता. हरणार तरी कुणाकडून? शिवण नदीपासून थेट तापीपर्यंत दुसरा बॉक्सरच नव्हता. पैलवान होते, गावोगाव होते. पण एखादा पैलवान मांडी थोपटून पुढे आला की हिलाल आप्पा पाटील दोन्ही हात जोडत. म्हणत, "भो, आम्हना खेळ येगळा शे. तुम्ही धरतस, आम्ही ठोसतस." बरं, ठोसा म्हणावं, तर समोरच्याकडे ग्लोव्हज नसत, आणि ग्लोव्हजशिवाय ठोसणं नियमात बसत नाही. हा नियम गावाला आप्पांनीच सांगितलेला. अशी वीसपंचवीस वर्षं अजिंक्य गेली.

आप्पांच्या बायकोचं, छबूबाईचं, ह्या अजिंक्यपदाबद्दल काय मत होतं ते गावाला ठाऊक नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती सकाळी उठून म्हशी दोही, त्यातला पहिला तांब्या चॅम्पियनला देई, आणि मुलाला घेऊन शेतात जाई. चॅम्पियन ओट्यावर बसून तांब्या रिकामा करी. शेतात गेलं तर हाताची नस आखडते आणि मग ठोसा बसत नाही, असं आप्पांचं म्हणणं होतं. ठोसा बसवायचा कुणाला, हे त्यांच्या म्हणण्यात नव्हतं.

तरुणपणी आप्पा घरातून पळाले होते. भुईमुगाच्या शेंगांची पोती वाहायची वेळ आली आणि एवढा धिप्पाड गडी नेमका त्याच सकाळी दिसेनासा झाला. नंदुरबारहून सुरतेला जाणारी रेल्वे तेव्हा नवीन होती, आणि तिचा पहिला उपयोग बोरखेड्यातून कुणी केला असेल तर तो आप्पांनी काम टाळायला. दहा वर्षांनी परत आले ते पत्र्याची पेटी, लाल रेशमी अर्धी चड्डी आणि उशीएवढाल्या ग्लोव्हजची जोडी घेऊन. पारावर गाव जमलं.

"कोठे व्हतास रे इतला दिन?"

"सर्कसमा. गोरा साहेबसंगे बॉक्सिंग करू."

"कितींदाव?"

"रोज. आइतवारले दोनदा."

"गोरा? आसली गोरा?"

"सहा फूट. वर्ल्डना चॅम्पियन, आसं तंबूवर लिखेल व्हतं."

गावाने श्वास रोखला. ह्यापुढे कुणीही शहाण्या माणसाने विचारलं असतं की बाबा रे, मग जिंकत कोण असे? बोरखेड्यात ते कुणाला सुचलं नाही. रोज गोऱ्या साहेबाशी मारामारी करून माणूस दोन पायांवर गावी परत येतो, म्हणजे तोच जिंकत असणार, हे गावाने गृहीत धरलं. आप्पांनी एक अक्षरही खोटं सांगितलं नाही, हे त्यांच्या बाजूने बोलायला हवं. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं तेवढंच आहे.

ग्लोव्हज ओसरीत खुंटीवर लटकले. दसऱ्याला गावातल्या दोन तलवारी, एक गंजलेली बंदूक आणि आप्पांचे ग्लोव्हज अशी पूजा होऊ लागली. वर्षानुवर्षं हळद, कुंकू आणि तेल पिऊन ते कातडं इतकं कडक झालं की आत हात घालायचा तर आधी ग्लोव्हजची समजूत काढावी लागे.

आता छबूबाईचं. ती नदीपलीकडच्या निंबगव्हाणची. लहानपणी ती मामाकडे सुरतेला गेली होती. सर्कशीच्या दरवाज्यावरचा माणूस मामाच्या ओळखीचा, म्हणून लागोपाठ दोन दिवस खेळ पाहायला मिळाला. वाघ-सिंह झाले की एक गोरा साहेब, जो बहुधा कुठल्यातरी बोटीवरचा आचारी असावा, रिंगणात येऊन छाती ठोके आणि विचारी, आहे का कुणी मर्द? लोक एकमेकांकडे पाहात. मग चार आण्यांच्या बाकांवरून एक आडदांड माणूस उठे. पहिल्या दिवशी तो पागोटंवाला शेतकरी होता. धोतर खोचून रिंगणात गेला, साहेबाने एक ठोसा मारला आणि हा असा काही कोसळला की तंबू हलला. चिमुकल्या छबूला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी बाकावरून काळ्या दाढीचा अरब घोडेवाला उठला. तोही तसाच कोसळला: आधी गोल फिरला, मग हात पसरले, मग पाठीवर, आणि सगळ्यात शेवटी डावा पाय हवेत जाऊन सावकाश खाली. पाय पाहून छबूने ओळखलं. मामाच्या मांडीवर ती हसून हसून लोळली होती.

पुढे तिचं लग्न ठरलं. नवरदेव मोठा नामांकित आहे, साहेबांना ठोसलेला आहे, असं बाप सांगत होता. अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला, आणि समोर चार आण्यांच्या बाकावरचा माणूस उभा.

ती बोलली नाही. नवऱ्याची अब्रू बायकोने वेशीवर टांगायची नसते हे एक. आणि दुसरं म्हणजे कुणाचं काही बिघडत नव्हतं. गावाला एक चॅम्पियन हवा होता, तो मिळाला होता. दूध तेवढं जास्त लागत होतं.

आप्पांनी खळ्यात तालीम काढली तेव्हाही ती गप्प राहिली. तालमीत पहिला धडा एकच: पडणं. कडब्याच्या पेंढ्या पसरायच्या आणि पोरांनी पडायचं. हनुवटी छातीला, दात घट्ट, खांदा आधी, डोकं शेवटी. "पडाले शिकना तोच लढाले शिकना," असं आप्पा गंभीरपणे सांगत, आणि गाव मान डोलवे. दुसरा धडा कधी आला नाही. फायदा झाला तो एवढाच की बोरखेड्याची पोरं झाडावरून पडोत, गाडीवरून पडोत, कुणाचं हाड मोडेना. ह्या तालमीतला सगळ्यात निष्ठावान चेला म्हणजे आप्पांचा एकुलता एक मुलगा दोधू. विशीतला, काटक, दिवसभर नांगरामागे चालणारा आणि संध्याकाळी बापाच्या सांगण्यावरून पडणारा. बाप म्हणजे देव. देवाने खुंटीवरचे ग्लोव्हज त्याला अजून हातात दिले नव्हते.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण गावात गिरधर होता. गिरधर गावाचा न नेमलेला वकील. स्वतःकडे सांगण्यासारखं काही नसल्यामुळे तो आप्पांचं सांगत फिरे. दुसरी लढाई चालू होती, सरकारला शिपाई हवे होते, आणि नवापूरला भरतीचा मेळावा भरणार होता. त्यात खेळ, बक्षिसं, बँड. गिरधर बांबू आणायला नवापूरला गेला, स्टेशनावर चहा प्यायला थांबला, आणि तिथे रेल्वेचा एक फायरमन बॉक्सिंग करतो हे त्याच्या कानावर आलं. झालं. संध्याकाळी परतला तो थेट आप्पांच्या ओट्यावर.

"आप्पा, लगीन जमाडी उनू!"

"कोनं रे?"

"तुम्हनं! नवापूरना फायरमनसंगे. मी सांगं त्याले, आम्हना गावमा हेवीवेट शे, गोरा साहेबले लोळायेल. तो म्हने लई या. आखाजी व्हयनी का चौथा दिन. मामलेदारनी बी हा म्हनं."

आप्पांच्या हातातला तांब्या तोंडापाशीच थांबला. "कसा शे तो फायरमन?"

"आहाहा!" गिरधर जणू स्वतःच्या जावयाचं वर्णन करत होता. "कोळसाना पावडा मारी मारी हात आसा व्हयेल शेतस, जसं नांगरनं लाकूड. मांगे भुसावळले एकना दोन दात पाडात त्यानी. एकच ठोसामा!"

आत चुलीपाशी छबूबाईने भाकरी थापायची थांबवली.

आप्पांनी तांब्या खाली ठेवला, मिशीवरचं दूध पुसलं आणि घसा खाकरला. "गिरधर, मी तं आते निवृत्त. चॅम्पियननी उतारवयमा रिंगमा उतरानं नही आसा नियम शे." नियम पुन्हा त्यांचाच. "मन्हा दोधू उतरी."

दोधूने अंगणातून हे ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की छबूबाईला ती भाकरी तव्यावर टाकवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होती. आप्पा सावलीत लवंडले होते. कुरडई मोडू नये इतक्या हळू आवाजात तिने विचारलं, "पोरले काय शिकाडं तुम्ही?"

"सगळं."

"माराले शिकाडं?"

आप्पांनी कुरडयांकडे पाहिलं. "तो पुढला धडा शे."

"इतला वरीसमा पुढला धडा उना नही?"

"बॉक्सिंगमातलं तुले काय समजस? तू आपल्या कुरडया पाय."

तेव्हा छबूबाईने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मी सुरतले व्हतू," ती म्हणाली. "मामाकडे. पहिला दिन तुम्ही पागोटं बांधेल व्हतं. दुसरा दिन काळी दाढी लायेल व्हती."

आप्पा उठून बसले.  अंगणात चिमण्या आल्या, त्यांनी दोन कुरडया पळवल्या, तरी कुणी हुसकलं नाही. मग आप्पांनी विचारलं, "दाढी खरी वाटे का?"

छबूबाईने कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं गुपित सांभाळलं ते ह्या माणसासाठी!

"तुम्ही उतरा," ती म्हणाली. "तुमले निदान साहेबना ठोसानी सवय शे. पोरले कोनीच ठोसेल नही. त्यानं तोंड फुटी. दात जातीन. मन्हा पोरना दात."

"मी?" आप्पांनी खरोखर दचकून पाहिलं. "दोधूनी माय, मन्हं गावमा नाव शे. पोऱ्या पडना तं पोऱ्या पडना, शिकी ऱ्हायना म्हनतीन. मी पडनू तं मंग काय ऱ्हायनं?"

ह्यावर तिला जे सुचलं ते नवऱ्याला म्हणायचं नव्हतं, म्हणून तिने फडकं उचलून चिमण्या हुसकल्या.  

संध्याकाळी तिने दोधूला गाठलं. "भाऊ, नको जाऊ रे नवापूरले."

"माय, तू घाबरू नको. आप्पा म्हनतस, साहेबथीन बी फायरमन सोपा."

ह्या पोराला काय सांगायचं? खरं सांगावं तर बाप उघडा पडतो, आणि पोरगा विश्वास ठेवणार नाही ते वेगळंच. न सांगावं तर त्याचे दात जातात. छबूबाई रात्रभर कूस बदलत राहिली, आणि सकाळी उठून सांजोऱ्यांची तयारी केली, कारण आखाजी आली होती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या लेकींची दिवाळी. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, आणि पुरुष दिवसभर पत्ते कुटतात. संध्याकाळी गौराई बुडवायला बोरखेड्याच्या बाया नदीच्या ह्या काठावर येतात, निंबगव्हाणच्या त्या काठावर. मधे उन्हाळ्यातली शिवण, गुडघाभर डबक्यांची. आणि मग सुरू होतात शिव्या. गाण्यातल्या, चालीवरच्या, पिढ्यान्‌पिढ्या धार लावलेल्या. ह्यांनी त्यांच्या पाटलाचं लग्न गाढवीशी लावायचं, त्यांनी ह्यांच्या सरपणातून भुतं काढायची. नियम दोनच. शिवी पाण्यावर पडली की पाण्याचीच झाली, तिच्यावरून घरी कुणी डोळा वटारायचा नाही. आणि दुसरा, प्रत्येक शिवीला दिवस मावळायच्या आत उत्तर द्यायचं.

छबूबाई माहेरी गेली होती. म्हणजे त्या काठावर. आणि त्या काठावर पाय ठेवला की ती बोरखेड्याची सून नव्हती, बॉक्सरची बायको नव्हती. निंबगव्हाणची लेक होती. इतकी वर्षं ती मागे उभी राहून नुसती टाळी द्यायची. त्या दिवशी पुढे आली, पदर खोचला, आणि तिने नवऱ्याचं नाव न घेता, अगदी रीतीला धरून, वरच्या पट्टीत सुरू केलं:

"बोरखेडाना बॉक्सरवाला, पोट जसं कोठार वं,
साहेबनी हात उगारा, जागावर पडना गार वं!
दुपारले पडे, सांजले पडे, पडानाच तो धंदा वं,
आन् गाव म्हने हाऊ वाघ आम्हना, सोनाना हाऊ बंदा वं!"

निंबगव्हाणने ती ओळ उचलली आणि नदी दणाणली. ह्या काठावरही हसू फुटलं. खरं कुणाला वाटलं नाही. त्याच संध्याकाळी निंबगव्हाणच्या पाटलाला शेपूट आहे असंही गायलं गेलं होतं, तेही कुणाला खरं वाटलं नव्हतं. पत्ते टाकून काठावर आलेले पुरुष आप्पांच्या पाठीवर थापा मारून हसत होते, आणि आप्पाही हसत होते. इथपर्यंत छबूबाईचा बाण पाण्यातच गेला होता.

पण उत्तर द्यायचं होतं. बोरखेड्याकडून उत्तर देणारी म्हणजे गिरधरची बायको सिंधुबाई, माहेरही तिचं गावातच. गावातली सगळ्यात तिखट जीभ, आजवर एकदाही गप्प न बसलेली. तिने तोंड उघडलं. उत्तर अगदी सोपं होतं: आमच्या वाघाने अमक्याला पाडलं, तमक्याला लोळवलं. अमक्याच्या जागी नाव घातलं की झालं. आणि तिथेच ती अडली. वळली आणि पुरुषांकडे ओरडली, "ओ आप्पा! कोनले कोनले पाडं व्हतं तुम्ही? एक नाव सांगा बिगी, गानामा टाकनं शे!"

आप्पांचं हसू मिशीतच राहिलं.

"सांगा ना! दिन मावळी ऱ्हायना!"

"नावं..." आप्पा म्हणाले, "गोरा लोकेसनी नावं गानामा बसतस नही, सिंधुबाई."

"मी बसाडसू! तुम्ही सांगा तं खरं!"

सगळं गाव आप्पांकडे पाहू लागलं. एवढी वर्षं कुणी विचारलं नव्हतं ते एका शिवीच्या उत्तरासाठी विचारलं गेलं होतं, आणि आप्पांजवळ एकही नाव नव्हतं. सूर्य खाली गेला. बोरखेड्याची गौराई त्या वर्षी उत्तराविना पाण्यात गेली. पलीकडून निंबगव्हाणच्या पोरी शिट्ट्या मारत होत्या.

सिंधुबाई ओलं लुगडं पिळत काठावरून वर आली आणि थेट आप्पांसमोर उभी राहिली. "गाव सांगस तुम्ही चॅम्पियन, आन् मले एक नाव सापडत नही? जाऊ द्या. चार दिनमा नवापूरले जाई ऱ्हायनात ना? तो फायरमनले पाडी या. त्यानं नाव मी बसाडसू."

"दोधू जाई ऱ्हायना," आप्पा पुटपुटले.

"दोधूवर गानं नही बांधेल त्यास्नी," सिंधुबाई म्हणाली. "तुम्हनावर बांधेल शे. ज्यानावर शिवी त्यानीच फेडाले पाहिजे."

आणि इथे गिरधरनेच, आप्पांच्या त्या जिवलग वकिलाने, मान डोलावली. "बरोबर शे, आप्पा. गावना सवाल शे."

पलीकडच्या काठावर छबूबाईला शब्द ऐकू येत नव्हते. पण दोधू मागे सरला आणि माणसांच्या घोळक्यात एकटे आप्पा पुढे उभे राहिले, एवढं तिला दिसलं. तिने खोचलेला पदर सोडला.

नवापूरला निम्मं बोरखेडे रेल्वेने गेलं. छबूबाईही गेली, भाकरीचं गाठोडं घेऊन, कुणी न विचारता. स्टेशनाजवळच्या मोकळ्या मैदानात बैलगाड्यांचे दोर चार खांबांना बांधून रिंगण केलं होतं. बँड वाजत होता, भरतीचा साहेब खुर्चीत घाम पुसत होता, आणि बाजारासाठी डोंगरातून उतरलेली माणसं, डिंक-चारोळी विकून झालेली, बायकापोरांसकट दोरापाशी बसली होती. त्यांना लढाईचंही काही नव्हतं आणि बॉक्सिंगचंही. सावली होती म्हणून बसली होती.

फायरमन आला. गिरधरने एकदाच खरं वर्णन केलं असेल तर ते त्याचंच. दंड काळेशार, मान जाड, आणि चेहरा कामाला निघालेल्या माणसाचा. मग कारकुनाने पुकारा केला: "बोरखेड्याचे हिलाल पाटील, हेवीवेट!" आणि आप्पा दोराखालून वाकून आत गेले. लाल चड्डी पोटाखाली कुठेतरी होती. ग्लोव्हज हळदीने पिवळे. दोधू कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभा, मान ताठ, जणू तोच लढणार आहे. छबूबाई कुंपणाशी रचलेल्या, रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांवर चढून उभी राहिली होती. तिने पोराचं तोंड पाहून घेतलं. शाबूत होतं.

शिट्टी वाजली. फायरमन दोन पावलं पुढे आला, त्याने अंदाज घ्यायला म्हणून नुसता डावा हात पुढे केला. तो हात आप्पांपासून वीतभर लांब होता. आप्पा पडले.

पडले म्हणजे काय पडले! आधी एक गिरकी घेतली. मग दोन्ही हात आभाळाकडे फेकले. मग अख्खं धूड पाठीवर आलं आणि मैदानाची धूळ उठली. आणि धूळ खाली बसत असताना डावा पाय एकटाच वर गेला, तिथे क्षणभर थांबला, आणि सावकाश, दमलेल्या झेंड्यासारखा, खाली आला.

बँड थांबला. बोरखेडे दगड झालं. फायरमन आपल्या हाताकडे पाहात होता. दोधूच्या हातातला तांब्या कलंडला आणि पाणी त्याच्या पायांवर सांडलं, ते त्याला कळलं नाही.

आणि मग दोरापाशी बसलेल्या डोंगरातल्या माणसांमधली एक म्हातारी हसली. तोंडावर हात घेऊन, गदागदा. तिच्याबरोबर पोरं हसली, मग बाया, मग सगळा घोळका. त्यांच्यातला एकजण उठून आप्पांना हाताने खूण करत काहीतरी सांगू लागला. शेजारच्या दुकानदाराने ते मराठीत ओरडून सांगितलं: "पुन्हा पडा म्हणतात!"

आप्पांनी एक डोळा उघडला. मान उचलून घोळक्याकडे पाहिलं. आणि हा माणूस, ज्याला शेंगांचं पोतं उचलायला कधी उठता आलं नाही, तो टुणकन उठला. फायरमनला म्हणाला, "मारो, साहेब, मारो!" फायरमनने हसत हवेत हात फिरवला. आप्पा पुन्हा पडले, ह्या वेळी आधी दोराला धडकून. लोक उभे राहिले. आप्पा उठले आणि तिसऱ्यांदा पडले. पोरं दोराखालून आत घुसून त्यांच्याभोवती पडू लागली. फायरमन ग्लोव्हज काढून टाळ्या वाजवत होता.

छबूबाई स्लीपरांवरून हे सगळं पाहात होती. सुरतेच्या तंबूत हा माणूस नेहमी दुसरा कुणीतरी होऊन पडला होता. कधी अमका शेतकरी, कधी तमका अरब. आज त्याचं नाव पुकारून झालं होतं, आणि तो लाजेने मरायच्या ऐवजी सर्वांदेखत सुखाने लोळत होता. निर्लज्जपणाची हद्द झाली, असं तिला वाटलं. आणि पाहात राहिली.

परतीच्या डब्यात बोरखेड्याचा एकही माणूस आप्पांशेजारी बसला नाही. गिरधर तर दुसऱ्या डब्यात गेला. आप्पा धुळीने माखलेले, खिडकीशी. बऱ्याच वेळाने त्यांनी बायकोला विचारलं, "कसा पडनू?"

"सुरतले याथीन बेस पडनात व्हतात," ती म्हणाली, आणि भाकरीचं गाठोडं त्यांच्यापुढे सोडलं.

आप्पा पुढे पाच-सहा वर्षं जगले आणि खरी कारकीर्द तीच. पंधरा दिवसांत शेजारच्या गावाहून बोलावणं आलं: लग्न आहे, तुमच्या त्या पडणाऱ्या आप्पांना पाठवा. मग जत्रा, मग बाजार. आठवडाभर तोंड लपवून बसलेला गिरधर आपोआप बाहेर आला आणि आप्पांच्या गाडीत पुढे बसू लागला; नवापूरला आप्पा मुद्दाम पडले, फायरमन गरीब होता, असं सांगू लागला. गावाने तेही गृहीत धरलं. गावाला काहीतरी गृहीत धरायला लागतंच. पुढच्या आखाजीला सिंधुबाईने शिवी फेडली, आमचा निदान पडतो तरी, तुमच्यात तर उभा राहणाराच नाही, आणि तेव्हापासून दर आखाजीला दोन्ही काठ त्या दोन कडव्यांवर भांडतात. आप्पा गेले, ग्लोव्हज उंदरांनी नेले. बॉक्सिंग म्हणजे काय ते काठावर गाणाऱ्या पोरींना ठाऊक नसतं. गाणं मात्र त्या पोटातून गातात.

दोधूचं पटकन निवळलं नाही. नवापूरहून आल्यापासून तो बापाशी बोलेना. आईशीही कामापुरतंच. महिन्याभराने जवळच्याच नात्यातलं एक लग्न होतं, तिथेही मांडवात आप्पांना पडायला लावलं. टाळ्या आणि हशा सुरू झाला तसा दोधू उठला आणि मांडवामागे, जिथे पाहुण्यांचे बैल बांधले होते, तिथे जाऊन उभा राहिला.

छबूबाई त्याच्यामागे गेली. आत आप्पा पुन्हा कोसळल्याचा धप्प आवाज आला आणि मांडव खदखदला.

"माय, तुले लाज वाटत नही?" दोधू तिच्याकडे न पाहता म्हणाला. "सगळं गाव दात काढी ऱ्हायनं."

छबूबाईने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, बाजारात बैल पाहतात तसं.

"तुन्हा बी शेतस ना अजून?" ती म्हणाली. "मंग तू बी काढ."